टिंबांच्या पुढचं नाही

सोमवारी वच्छलाबाई दिवेलागणीपर्यंत बोलत नसत. मार्कंड्याच्या महादेवाला बोललेलं हे न बोलण्याचं व्रत होतं आणि आजवर ते कधी मोडलं नव्हतं. घरात पाहुणा आला तरी हातानं पाट दाखवायच्या, पाणी द्यायच्या आणि हसायच्या. गावाला त्याची सवय होती. फोनला नव्हती.

त्या सोमवारी सून दिव्यानी अंगणामागच्या खळ्यावर मोहफुलं पालटायला गेली होती आणि बचत गटाचा फोन ओसरीवर वाजत होता. वाजून थांबला, पुन्हा वाजला. एखादं गिऱ्हाईक असेल, नुसतं घ्यावं आणि दिव्यानीच्या हातात नेऊन द्यावं, म्हणून वच्छलाबाईंनी तो कानाला लावला.

"हलो. माल हाय का जी?" माणूस हळू आवाजात बोलत होता.

वच्छलाबाई खळ्याकडे निघाल्या.

"मोहाचीच पायजे. पहिल्या धारेची. मिलावट नको."

त्या जागच्या जागी थांबल्या. पहिल्या धारेची म्हणजे भट्टीतून पहिल्यांदा टपकते ती, पेटती काडी लावली तर भडकणारी. हा शब्द त्यांच्या कानाला नवा नव्हता, पण आपल्या घरच्या फोनातून तो येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. साऱ्या गडचिरोली जिल्ह्यात दारू बंद, आणि चामोर्शीच्या पुढे, पक्का रस्ता संपतो तिथल्या या गावात ती खरोखर बंद करून दाखवणाऱ्या बायांमध्ये वच्छलाबाई पहिल्या.

"समजलं," फोनातला माणूस म्हणाला. "कोनी बाजूले हाय वाटते. बोलू नोका. नुसतं हूं म्हना."

वच्छलाबाई संतापानं खाकरल्या.

"झालं तर मग! संध्याकाळी फोन लावतो," असं खुशीनं म्हणून त्यानं फोन ठेवला.

दिव्यानी पदरानं हात पुसत आली. "कोनाचा होता, आई?" वच्छलाबाईंनी फोन तिच्या हातात दिला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. दिव्यानीनं नंबर पाहिला, क्षणभर ओठ दाबले, बोट फिरवून तो पुसून टाकला. "राँग नंबर असन," म्हणाली आणि परत खळ्यावर गेली.

नंबर पुसायचं काय कारण? राँग नंबर कोणी पुसत बसतं का? वच्छलाबाईंच्या मनात पडलेला हा खडा संध्याकाळी दिवा लावून, तोंड उघडायची मुभा मिळाल्यावरही बाहेर पडला नाही. दिवसभर गप्प राहिलेल्या माणसाला एक सोय असते, आणखी थोडं गप्प राहिलं तर कोणाला कळत नाही.

दिव्यानी वरोऱ्याची. कापसाच्या बाजाराच्या गावची पोरगी, शिकलेली, फोनवर बोटं अशी चालायची जशी बाकीच्या बायांची तांदूळ निवडताना. वच्छलाबाईंचा पवन नागपूरला गाडी चालवायचा आणि सणावाराला यायचा. सून इथं राहिली ती गटाच्या कामापायी. मोहाचे लाडू, मोहाचं सरबत, चारोळी, असा जंगलचा जिन्नस गटाच्या बाया करायच्या. तो गावाबाहेर विकला जावा म्हणून दिव्यानीनंच वेबसाइट काढली, आणि ती कोणालाच दिसेना तेव्हा चंद्रपूरहून प्रफुल नावाच्या पोराला बोलावून आणलं.

प्रफुल एसईओचं काम करायचा. हे एसईओ म्हणजे काय, ते त्यानं ओसरीवर बसून, चहा फुंकत फुंकत सांगितलं होतं.

"मावशी, तुमचं दुकान हाय जंगलात. गूगल म्हनजे हायवे. लोक हायवेवरून चालले. त्याहीले पाटी दिसली पायजे का नाई? ते पाटीचं काम मी करतो."

"मग लाव ना बाप्पा पाटी."

"पाटी अशी लागत नाई. लोक जो शब्द लिहून शोधते, तो आपल्या पानावर पायजे. फोटोले नाव पायजे, नकाशावर जागा पायजे, पान पटकन उघडलं पायजे. अन् दुसऱ्या मोठ्या साइटनं आपल्याकडे बोट दाखवलं, म्हनजे लिंक देल्ली, का गूगल म्हन्ते, हे कोनीतरी भरवशाचे लोक दिसते. त्यातही खरी गोष्ट असली तं सोन्याहून पिवळं. नक्कल केलेलं नाई चालत."

तेव्हा वच्छलाबाईंना त्याचं बोलणं पटलं होतं. आता एकेक शब्द आठवून त्या उलटा करून पाहू लागल्या. लोक जो शब्द शोधतात तो पानावर टाकायचा! या जंगलात बाहेरचे लोक मोहाच्या नावानं काय शोधत असतील, हे सांगायला का ज्योतिषी पाहिजे?

त्यांनी लक्ष ठेवायला सुरुवात केली. उघडपणे नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. माळ ओढता ओढता डोळे अर्धे मिटलेले, पण कान खळ्याकडे. फोन वाजला की दिव्यानी चिंचेखाली जायची. रेंज तिथंच येते हे खरं, पण आधी तिचा आवाज ओसरीपर्यंत यायचा, आता येत नव्हता. एकदा नुसतं "पुन्हा करू नोका" एवढं कानावर आलं. एकदा "तुमाले सांगतलं ना, इथी नाई." इथं नाही, मग कुठं? महादेवाचं नाव घेता घेता वच्छलाबाईंच्या ओठांवर हा प्रश्न यायचा आणि मणी हातातच राहायचा.

बुधवारी मूल गावाकडून दोन पोट्टे मोटरसायकलवर आले. फोनवरचा नकाशा पाहत पाहत थेट गटाच्या खोलीसमोर उभे राहिले. खोलीत बुधरी एकटी लाडू वळत बसली होती. मोहफुलं ओळखण्यात आणि टिंगल करण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

"बाई, मोहाचं मिळते ना इथी?"

"मिळते ना. किती पायजे?"

"दोन बाटल्या."

"बाटलीत लाडू कसे भरू रे? ठेचून?"

पोट्टे एकमेकांकडे पाहून हसले. एक म्हणाला, "लाडू तं वरून दाखवाले असन. आतलं काढा ना, काकू."

बुधरीनं हातातला लाडू खाली ठेवला आणि उलथनं उचललं. मोटरसायकल कशी चालू झाली ते त्या पोट्ट्यांनाच ठाऊक. बुधरी ती गोष्ट हसत हसत सांगत सुटली, पण ऐकणाऱ्या साऱ्याच हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाई आल्या. दारूबंदी समितीच्या त्या अध्यक्ष. एकेकाळी दोघी बरोबरीनं भट्ट्या फोडायला जायच्या, पण बोलण्याचा मान नेहमी वच्छलाबाईंना मिळायचा आणि अंजनाबाई बाजूला उभ्या राहायच्या. त्या ओसरीवर बसल्या, पण भिंतीला टेकल्या नाहीत.

"वच्छला, तुह्या गटाच्या पत्त्यावर पोट्टे दारू इचारत येऊन राह्यले. खरं का खोटं?"

"पोट्टे आले हे खरं."

"येनारा उगाच येत नाई. कोनीतरी बोलावलं असन." त्यांनी मान खळ्याकडे वळवली. "पोरगी परगावची. नवरा बाहेर. दिवसभर हातात फोन. मी काई म्हनत नाई, गाव म्हन्ते."

"गाव म्हन्ते का तू म्हन्तेस?"

"मी गावातच राह्यते ना, बाई." अंजनाबाई उठल्या. "रविवारी समितीची बैठक हाय. तुह्या सुनेनं सांगावं हे काय चाललं ते. नाई सांगता आलं तं तिनं गटात राहू नये, वेबसाइट बंद, अन् तिले वरोऱ्याले धाडून दे. तू सोता भट्ट्या फोडल्या, तुले जास्त सांगाव लागत नाई."

दारामागं दिव्यानी उभी होती. तिनं सारं ऐकलं. वच्छलाबाई आत गेल्या तेव्हा ती भाकरी थापत होती, आणि भाकरी नको तेवढी पातळ होत चालली होती.

"आई, तुमालेही तसंच वाट्टे का?"

वच्छलाबाईंनी खोटं न बोलण्याचा नेम केला होता, त्यामुळे त्यांची मोठी पंचाईत झाली. "मले काई वाट्टे असं मी म्हटलं का?" एवढंच त्या म्हणाल्या. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं, आणि दोघींनाही ते कळलं.

शुक्रवारी त्यांनी प्रफुलला बोलावून घेतलं. तो आला तो हसतच, लॅपटॉप उघडूनच.

"मावशी, पेढे काढा! लोक कसे चढून राह्यले पाहा साइटवर. मांगच्या महिन्यात कोनी ढुंकून पाहत नव्हतं."

"कोन लोक?"

"लोक म्हनजे लोक. नागपूर, वरोरा, मूल. काही तं पार हैदराबादचे."

"ते काय लिहून येते?"

प्रफुलचं बोट थबकलं. "असंच. मोहाचं… वगैरे." त्यानं पडदा किंचित आपल्याकडे वळवला. वच्छलाबाईंनी ते पाहिलं.

"प्रफुल, तू माह्या पानावर काई वंगाळ तं टाकलं नाई ना?"

"देवाशप्पथ, मावशी. मी माह्या मनचं एक अक्षर टाकलं नाई. जे हाय ते तुमच्याच घरचं हाय." असं म्हणून त्यानं चटकन दिव्यानीकडे पाहिलं, आणि दिव्यानीनं मान खाली घातली.

झालं. वच्छलाबाईंना आणखी काय पुरावा पाहिजे होता? दोघांना काहीतरी माहीत आहे, दोघं ते लपवतात. तुमच्याच घरचं! त्या देवघरात जाऊन बसल्या. देवाला मागावं तरी काय? सून खरी निघो म्हणावं तर डोळ्यांनी पाहिलेलं आड येत होतं. पवनला काय तोंड दाखवायचं, हाही विचार आला. मग स्वतःचीच लाज वाटली, की आधी तिचा विचार का आला नाही.

शनिवारी सकाळी दिव्यानी पाण्याला गेली होती आणि फोन पुन्हा ओसरीवर वाजला. आज सोमवार नव्हता. वच्छलाबाईंनी तो उचलला आणि आवाज दाबून म्हणाल्या, "बोला."

"मोहाची भेटन का?"

जिभेवर आलेली शिवी त्यांनी गिळली. "आदी सांगा, नंबर कोनं देल्ला?"

"कोनं देल्ला म्हनजे? गूगलनं. म्या शोधलं, 'मोहाची दारू गडचिरोली'. पयलंच तुमचं नाव आलं."

"नाव आलं, पन दारू भेटते असं कोन म्हटलं?"

"तुमीच म्हटलं! लिवून हाय ना. थांबा, वाचून दाखवतो." तो अडखळत वाचू लागला, जसं पोरगं वर्गात उभं राहून वाचतं. "'आमच्या गावात मोहाची पहिल्या धारेची दारू कोणत्याही घरी, कोणत्याही वेळी, मागाल तेवढी मिळते…'"

वच्छलाबाईंनी खांबाला हात लावला.

हे वाक्य दिव्यानीचं नव्हतं. प्रफुलचंही नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं होतं. कित्येक सभांमध्ये, चामोर्शीच्या बाजारात, तहसीलच्या मैदानात त्यांनी ते म्हटलं होतं. "मिळते" इथं थांबायच्या. सारा मांडव चपापायचा, पुढारी एकमेकांकडे बघायचे, आणि मग त्या हळूच, आवाज न चढवता, उरलेलं सोडायच्या. टाळ्या तिथंच पडायच्या.

"पुढे वाच, बाबा," त्या म्हणाल्या.

"पुढे टिंबं हायेत."

"टिंबांच्या पुढे?"

"टिंबांच्या पुढे काई नाई."

"हाय! 'असं आता कोणी माईचा लाल म्हणू शकत नाही.' असं हाय पुढे. 'नाही' हाय तिथी, 'नाही'!"

मग तो माणूस दुखावल्यासारखा म्हणाला, "मंग 'नाही' हे आदी लिवाव ना, बाई. मानूस पेट्रोल जाळून आला असता," आणि फोन ठेवला.

दिव्यानी डोक्यावरची पाण्याची गुंडी उतरवत होती. वच्छलाबाई पायरीवर बसल्या होत्या.

"तुले माहीत होतं?"

दिव्यानीनं चुंबळ सोडली, झटकली. "मांगच्या आठवड्यात कळलं. 'आमची गोष्ट' म्हनून तुमचं भाषन टाकलं ना आपन, नागपूरच्या एका बातम्यांच्या साइटनं त्याच्याकडे बोट दाखवलं. तवापासून तेच पान सगळ्यात वर चढलं. भाषनात दारू हा शब्द येते तेवढा लाडू येत नाई, आई. अन् गूगल दोन ओळी दाखवते, मंग टिंबं देते."

"मंग काढलं काऊन नाई?"

"प्रफुलभाऊले म्हटलं काढा. ते म्हने, हे काढलं तं आपन दिसनारच नाई, थोडे दिवस गिऱ्हाईक येऊ दे. मीच एकेकाले फोनवर हाकलून राह्यली."

"अन् मले काऊन नाई सांगतलं?"

दिव्यानी पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहत बोलली. "कशी सांगू? तुमी माह्याकडे कशा पाहत होत्या ते मले दिसत नव्हतं का? माळ हातात अन् ध्यान चिंचेखाली. मी म्हटलं असतं, हे तुमच्या भाषनानं झालं, तं तुमाले वाटलं असतं, पोरगी आपलं लचांड माह्या गळ्यात टाकून राह्यली."

खरंच, वच्छलाबाईंना तसंच वाटलं असतं.

रविवारी बैठक ग्रामपंचायतीच्या पडवीत भरली. अंजनाबाई मध्ये, बाया भोवती, दिव्यानी एका कडेला, गुन्हेगारासारखी नाही पण गुन्हेगाराच्या जागेवर. वच्छलाबाई उभ्या राहिल्या तेव्हा साऱ्याजणी सावरून बसल्या. त्यांचं बोलणं ऐकायला गावाला आवडायचं. त्या दिवशी मात्र त्या थांबल्या नाहीत, वळणं घेतली नाहीत. चूक माही हाय, म्हणाल्या. भाषन माहं, वाक्य माहं, मशीननं ते अर्ध्यात तोडलं. सुनेचा यात काई हात नाई, ती तं लोकाहीले हाकलत होती. सांगून झालं तरी टाळी नाही, काही नाही.

"अर्धं वाक्य दाखवते?" अंजनाबाईंना ते खरं वाटेना. "मशीनले काय घाई हाय?"

दिव्यानीनं फोनवर काढून दाखवलं. अंजनाबाईंनी चष्मा लावून वाचलं, बुधरीला मोठ्यानं वाचून दाखवलं. "मिळते" इथं त्या थांबल्या, कारण पुढं टिंबं होती. बुधरी फिस्सकन हसली.

"वच्छलाबाई, तुमी बोलत होत्या तवा आमी पुढचं ऐकाले बसून राह्यत होतो. मशीन उठून गेलं!"

तिच्या हसण्यानं बाकीच्या सैल झाल्या. अंजनाबाई मात्र सैल झाल्या नाहीत. "वाक्य फिरवून टाका. 'नाही' पयले लिवा."

"तरी दारू शोधनाराच येईन," दिव्यानी म्हणाली. "शब्द तं तोच राह्यते."

"अन् दारू शोधून आलेल्याले लाडू दाखवून काय फायदा?" बुधरी म्हणाली. "आमच्या आदिवासीच्या देवाले दारू वाहाले लागते, तेवढं घोटभर सोडलं, तं त्या झाडापासून दुसरंही लई काई होते. ते लिवा ना."

पान ठेवायचं की काढायचं, हे शेवटी वच्छलाबाईंवर आलं. त्या पानावर त्यांच्या आयुष्याची कमाई होती. भट्ट्या फोडल्या, घरच्यांचा मार खाल्ला, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, सारं होतं. लोकांनी ते वाचावं असं त्यांना वाटत होतं, आणि पहिल्यांदाच इतके लोक वाचत होते. त्यांनी दिव्यानीकडे पाहिलं.

"काढून टाक."

"आई, साइट खाली जाईन. पार खाली."

"जाऊ दे. तू तं राह्यशीन."

दिव्यानीनं तिथंच बसून पान काढलं. अंजनाबाई उठताना तिच्याजवळ थांबल्या. काहीतरी म्हणावंसं त्यांना वाटलं असेल, पण "पानी लवकर भरत जा, दुपारी नळ जाते," एवढंच म्हणून गेल्या.

पान काढलं तरी गूगल ते लगेच विसरलं नाही. प्रफुल रागावला होता, पण त्यानं फोनवर सांगितलं, काही दिवस जुनंच दिसत राहील, मग जाईल. त्या दिवसांत फोन येतच राहिले. दिव्यानी म्हणाली, "मी घेते." वच्छलाबाई म्हणाल्या, "वाक्य माहं हाय, मी घेते." फोन कानाला लावला की आधी त्या "नाई" म्हणायच्या, मग "कोन बोलते" विचारायच्या. एकदा पवनचाच फोन आला. आईनं उचलताच "नाई" म्हटलं तर तो घाबरून गेला.

एका दुपारी दोघी चारोळी फोडत बसल्या होत्या. फोन वाजला.

"नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "दारू नाई. कधीच नाई."

"दारू नको हो बाई," पलीकडे बाईमाणूस होतं. "मले लाडू पायजे. बाळंतिनीसाठी. मोहाचे लाडू भेटते म्हने तुमच्याकडे."

वच्छलाबाईंनी भुवया जवळ आणल्या. "नाव काय तुमचं?"

"रीना. वरोऱ्याहून बोलते."

"बाळंतीन कोन? घरी प्यायवाला कोनी हाय का? लाडवाचा गूळ काढून भट्टी लावनार नाई ना कोनी?"

"अवो आई!" दिव्यानीच्या हातातला दगड थांबला. "गिऱ्हाईक हाय ते, आरोपी नाई."

फोनमधली रीना "हलो, हलो" करत होती. त्यांनी फोन पदराला पुसला आणि दिव्यानीपुढे धरला.

"धर. तूच बोल."

दिव्यानीनं तो घेतला. रेंज तुटत होती म्हणून ती उठून चिंचेकडे चालू लागली, आणि अर्ध्या वाटेत मागं वळून पाहिलं. वच्छलाबाईंनी चारोळी भरलेलं सूप उचललं आणि त्या मागच्या दारानं घरात गेल्या, जिथून चिंचेखालचं काहीच ऐकू येत नाही.